मागचा ब्रेक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘सभासदांचे मनोगत’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर नाट्यसंगीत, संतसाहित्य अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आम्ही दोघे भाऊ मात्र ब्रेकवर बोलणार आहोत. मंडळाचा गणपती दरवर्षी मयेच्या चित्रशाळेतून आमच्या पिकअपमधून येतो आणि विसर्जनाला त्याच गाडीतून जातो, तेव्हा तिच्या ब्रेकची गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी, असे आम्हाला वाटते.

आमचे आजोबा 1964 साली कोल्हापूरहून डिचोलीला आले, ते खाणीवरच्या ट्रकांचे फिटर म्हणून. त्यामुळे लोखंडाशी आमचे नाते जुने. आम्ही मात्र भाजीपाल्याच्या व्यापारात पडलो. आठवड्यातून दोनदा बेळगावला जायचे आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटमार्गे केरी, साखळी करत डिचोलीला यायचे. पेडणे आणि धारगळची गिऱ्हाइके असतील तर पुढे अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडायचा.

गेल्या वर्षी चवथीच्या चार दिवस आधीची गोष्ट. गाडीत कांदे-बटाटे, भाजी, गूळ, महाप्रसादाचे सामान, वर मंडपाचे लोखंडी पाइप आणि बायकांनी बजावून सांगितलेला कुंदा. कागदावरच्या क्षमतेपेक्षा दीड-दोन क्विंटल जास्तच. पाऊस बारीक होता. स्टिअरिंगवर आमच्यापैकी धाकटा. केरी जवळ आली, असे वाटत असताना पेडल एकदम मऊ पडले आणि खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले, तरी तेच. त्याने गिअर खाली आणला, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराकडे घेतली आणि थोरल्याने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी घासत, कण्हत थांबली. पुढे वळण होते. वळणापलीकडे काय होते, ते त्या दिवशी आम्ही पाहिले नाही, पण त्यानंतर प्रत्येक फेरीला पाहतो.

अर्ध्या तासाने पेडल जसेच्या तसे परत आले! कुणाला सांगितले असते तर खोटे वाटले असते. आम्ही अगदी हळू घरी आलो. आईला काही सांगितले नाही. तिला हे आज इथेच कळते आहे.

आता कारण शोधायचे. जो तो म्हणाला, “मागे ड्रम आहेत ना? ते तापले. डिस्क लावून टाका.” आमच्या गाडीला, बहुतेक पिकअपना असतात तसे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. गोव्याबाहेरच्या एका गॅरेजने मागच्या चाकांना डिस्क बसवून देण्याची तयारी दाखवली आणि चाळीस हजारांच्या वरचा आकडा सांगितला. आम्ही पैसे जमवायलाही लागलो. जीव वाचला होता, पैशाचा हिशोब कोण करतो?

डिस्कची बाजू खोटी नाही. ड्रममध्ये लायनर आतून बाहेर दाबले जातात. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल खोल जाते. आतली उष्णता आतच कोंडते. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते, पाणी झटकून टाकते. दोन्ही कल्पना तशा एकाच वयाच्या. फ्रान्सच्या लुई रेनो यांचा ड्रम ब्रेक आणि इंग्लंडच्या लँचेस्टर यांचे डिस्कचे पेटंट, दोन्ही 1902 सालची. 1953 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जग्वारने जिंकली आणि डिस्कचे नाव झाले.

पैसे देण्याआधी आम्ही पेडण्याच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर त्यांनी डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचे ब्रेक केले. 2012 साली खाणी थांबल्या, तेव्हा ते गावी परतले आणि घराच्या पडवीतच काम करू लागले. आजोबांना ते ओळखत होते. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, “पोरांनो, गाडी थांबवली कशानं?”

“हँडब्रेकनं.”

“आणि हँडब्रेक बसतो कुठं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हँडब्रेकची तार मागच्या ड्रममधल्या लायनरनाच ओढते. ज्याला काढून टाकायला निघालो होतो, त्यानेच आम्हाला वाचवले होते.

मग त्यांनी चाके काढली. पुढच्या डिस्क तापून निळ्या पडलेल्या, पॅड करपलेले. मागचे लायनर मात्र दोन वर्षांत झिजलेच नव्हते. याचा आम्हाला अभिमान होता, बरे का! “लायनर कसे टिकलेत बघा,” असे आम्ही चारचौघांत सांगत असू. मेस्त्री म्हणाले, “टिकले नाहीत. त्यांना काम मिळालंच नाही.”

यामागचे कारण ऐका, कारण आज या भाषणात सांगण्यासारखे तेवढेच आहे. पिकअप रिकामी असते तेव्हा तिची मागची बाजू हलकी असते. तेव्हा मागचा ब्रेक जोरात लागला तर चाके अडकून गाडी फिरेल. भरलेली असते तेव्हा बहुतेक माल मागच्या आसावर असतो आणि तिथे ब्रेक जोरात लागायलाच हवा. म्हणून कित्येक पिकअपना मागे एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी आसाला जोडलेली असते. मालाने गाडी खाली बसली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उंच असेल तर तो दाब कमी करतो.

आणि आम्ही काय केले होते? दोन वर्षांपूर्वी जास्त माल घेता यावा म्हणून मागे एकेक जादा पाटा बसवला होता. त्यामुळे कितीही माल भरला तरी गाडी पूर्वीइतकी खाली बसत नव्हती. व्हॉल्व्हला वाटत होते, गाडी रिकामीच आहे. घाटात तीन टनांचा भार पुढच्या दोन डिस्कच सांभाळत होत्या.

हा भार म्हणजे किती, याचा आम्ही नंतर हिशोब केला. तीन टनांची गाडी सहाशे मीटर खाली उतरते आणि ते सगळे काम ब्रेकवरच टाकले, तर त्या उष्णतेने साधारण 55 लिटर पाण्याला आधण येईल. त्यात ब्रेक ऑइल आम्ही कित्येक वर्षे बदललेले नव्हते. हे ऑइल हवेतला ओलावा पितो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? डॉट 3 प्रतीचे कोरडे ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्यासाठी तोच दंडक 140 अंशांवर येतो. ऑइल उकळले, नळीत वाफ झाली, वाफ दबते, म्हणून पेडल खाली गेले. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल झाले, म्हणून पेडल परत आले.

मागे डिस्क लावल्या असत्या तर? व्हॉल्व्हने त्यांनाही उपाशीच ठेवले असते. शिवाय मेस्त्रींनी यादी सांगितली. डिस्कच्या कॅलिपरला ऑइल जास्त लागते, मास्टर सिलिंडर तेवढे पुरवील का? हँडब्रेकची सोय कशी करणार? पुढे-मागे दाबाचा तोल कोण मोजून देणार? तो चुकला तर ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी गोल फिरेल. आणि कायद्याचे काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे की, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हेच पहिल्यांदा विचारणार.

तेव्हा आम्ही जादा पाटे काढले. व्हॉल्व्हची दांडी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापावर बसवून घेतली. पुढे नवीन डिस्क आणि पॅड, मागे नवीन लायनर, सगळे ऑइल बदलले. खर्च डिस्कच्या आकड्याच्या निम्म्यानेही झाला नाही. मोठा खर्च वेगळाच आहे, तो दर आठवड्याला होतो: आता दोनाऐवजी तीन फेऱ्या कराव्या लागतात. डिझेल जाते, झोप जाते. धंद्याचे गणित अजून नीट बसलेले नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण पाटे परत बसवणार नाही.

आजोबांचा एक नियम होता: ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा. लहानपणी आम्ही तो पाढ्यासारखा म्हणत असू. गाडी हातात आली तेव्हा मात्र तो जुन्या ट्रकांपुरता आहे, असे समजून बसलो. आता घाटमाथ्यावर गाडी थांबवतो, चहा घेतो आणि दुसऱ्या गिअरात खाली येतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

एक मागणे आहे. विसर्जनाच्या दिवशी आपल्या मंडळाच्या तीन-चार गाड्या नदीकडे उतरतात. मागे मूर्ती असते, घुमट-शामेळ घेतलेली मुले असतात आणि “अजून एक चढ रे” असे म्हणणारे आपणच असतो. यंदा मूर्तीच्या गाडीत मूर्ती धरणाऱ्या चौघांशिवाय कुणी चढणार नाही. मुलांनी पायी चालावे, आरती पायीच जास्त रंगते. आणि ज्यांच्या गाड्यांना जादा पाटे बसवलेले आहेत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आम्हाला भेटावे. नावे विचारणार नाही. पेडण्याच्या मेस्त्रींचा पत्ता तेवढा देऊ.

आई, तू घरी गेल्यावर काय ते बोल.

गणपती बाप्पा मोरया!