लेखणीची सागरसेवा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



बुडणाऱ्यास वाचविणे हे काम बळकट बाहूंचे, असा सर्वसाधारण समज आहे व तो खोटा नाही. परंतु त्या बाहूंच्या पाठीशी एक निर्वेतन लेखणीही उभी असावी लागते. आम्ही जन्मभर मुलांस निबंध लिहावयास शिकविले. त्या नात्याने या लेखणीविषयी चार शब्द बोलत आहो, ते आपण गोड मानून घ्यावेत.

इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. तेथील डग्लस गावी राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी किनाऱ्यावर फुटणारी जहाजे पाहिली आणि १८२३ साली राष्ट्रास उद्देशून एक पुस्तिका लिहिली. नौदलखात्याने तिला फारशी दाद दिली नाही. पण लंडनमधील काही वजनदार गृहस्थांनी ती मनावर घेतली व ४ मार्च १८२४ रोजी एक संस्था स्थापन झाली. तीच आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन होय. तिने आजवर १,४०,००० हून अधिक जीव वाचविले आहेत. त्या कार्याचा उगम एका पुस्तिकेत आहे. हिलरी लिहूनच थांबले नाहीत. १८३० साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, 'सेंट जॉर्ज' जहाजावरील लोकांस सोडविण्यासाठी ते स्वतः नावेत बसले आणि बरगड्या मोडून घेऊन परतले.

या संस्थेचा खर्च बहुतांशी लोकांच्या देणग्यांतून चालतो आणि नावेवर जाणारे बहुतेकजण स्वयंसेवक असतात. डिसेंबर १८८६ मध्ये 'मेक्सिको' नावाच्या जहाजाच्या मदतीस गेलेले २७ नावाडी एकाच रात्री बुडाले. पुढे चार्ल्स मकारा या कापड-व्यावसायिकाच्या ध्यानात आले की, संस्थेचा भार मूठभर धनिकच वाहत आहेत. त्यांनी १८९१ साली मँचेस्टरच्या रस्त्यांतून नावांची मिरवणूक काढून सामान्य जनांपुढे झोळी धरली. पाच हजार पौंडांहून अधिक निधी जमला. लोकांस कळले, तेव्हा लोकांनी दिले.

हे कळविण्याचे काम आज अनेक केंद्रांवर एक स्वयंसेवक करतो. नाव मध्यरात्री निघाली तरी सकाळी वृत्तपत्रांस व नभोवाणीस बातमी द्यावयाची ती त्याने. नाव किती वाजता निघाली, वारा कसा होता, कोणास कोठून आणले, एवढेच त्याने लिहावे. अपघाताच्या कारणाविषयी तर्क करू नये. आप्तांस कळण्यापूर्वी मृताचे नाव बाहेर देऊ नये. वाचलेल्याची फजिती तर मुळीच करू नये, कारण ती वाचून दुसरा संकटग्रस्त मदत मागावयास लाजेल. शेवटी सावधगिरीचे एक वाक्य जोडावे. २०१७ सालापासून या संस्थेने एक सोपा उपदेश घरोघर पोहोचविला आहे : थंड पाण्यात अकस्मात पडल्यास हातपाय झाडू नका, मान मागे टाकून, कान पाण्यात राहू देऊन उताणे तरंगा, श्वास ताळ्यावर आला की मग हाक मारा किंवा पोहा. असे वाक्य लिहिण्यास अलंकारशास्त्र लागत नाही. दुसऱ्याच्या जिवाची कळकळ लागते.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस बातमी कळावयास कित्येक तास लोटले. बातमी वेळेवर न पोहोचणे म्हणजे काय, हे कोकणच्या माणसास निराळे सांगावयास नको. आज आपणांकडे १९७८ च्या कायद्याने उभे राहिलेले भारतीय तटरक्षक दल आहे. समुद्रावरील संकटात त्यास कळविण्याचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. आपल्यापैकी किती घरांस तो ठाऊक आहे?

तरुणांस आमचे एवढेच सांगणे आहे. ज्यांस पोहता येत नाही, त्यांनी हळहळत बसू नये. जे परदेशी किनाऱ्यावर राहतात त्यांनी तेथील अशा संस्थेस आपली लेखणी देऊ करावी; जे येथे आहेत त्यांनी गावच्या धक्क्यावर, शाळेत व मासळीबाजारात चार सुबोध ओळी ठळक अक्षरांत लिहून लावाव्यात. त्यांवर लिहिणाऱ्याचे नाव नसले तरी चालेल. त्या वाचून एक जरी माणूस रात्री सुखरूप घरी परतला, तरी ती अक्षरे सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.