रोहिणीचे अस्तर : हृदयविकाराचा अदृश्य आरंभ



हृदयविकार म्हटले की नळात गाळ बसावा आणि पाणी अडावे, तसे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परंतु हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी हा निर्जीव नळ नव्हे. तिच्या आतील बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. वैद्यकशास्त्रात त्यास एंडोथेलियम म्हणतात. आपण त्यास रोहिणीचे अस्तर म्हणू. छातीत पहिली कळ येण्याच्या कित्येक वर्षे आधी या अस्तराचे कार्य बिघडू लागलेले असते.

या अस्तराचे महत्त्व १९८० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले. ॲसिटिलकोलिन या द्रव्याने रोहिणीचा तुकडा सैल होत असे. अस्तर निघून गेलेला तुकडा मात्र सैल होईना. म्हणजे स्नायूंना सैल होण्याचा निरोप अस्तराकडूनच जात होता. तो निरोप नेणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू होय, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झाले. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू रोहिणी सैल ठेवतो, रक्तातील बिंबिकांना गुठळी करू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भिंतीस चिकटू देत नाही. हृदयशूळात जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी शरीरात हाच वायू निर्माण करते.

१९८६ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयरोहिण्यांत ॲसिटिलकोलिन सोडून पाहिले. निरोगी रोहिणी रुंदावली. विकारग्रस्त रोहिणी उलट आकसली. अस्तराचा निरोप हरवला होता. तो हरवतो कसा?

प्राणवायूवाचून जीवन नाही. परंतु पेशींत त्याचा वापर होताना सुपरऑक्साइड नावाचे एक अतिक्रियाशील रूपही तयार होते. एरवी शरीरातील विकरे त्याचा निचरा करतात. तंबाखूचा धूर, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल यांमुळे त्याची निर्मिती निचऱ्यापेक्षा अधिक होते. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला क्षणार्धात गाठते आणि दोहोंतून पेरॉक्सिनायट्राइट हे दाहक द्रव्य बनते. पुढे तर नायट्रिक ऑक्साइड बनविणारे विकरच बिघडून सुपरऑक्साइड निर्माण करू लागते. कुंपणच शेत खाऊ लागते! मग भिंतीत शिरलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण होते, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि मेदाचा थर वाढतो. हा थर एखाद्या दिवशी फाटला की त्यावर गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

ऑक्सिडीकरण हे कारण, तर ऑक्सिडीकरणरोधक जीवनसत्त्वांच्या गोळ्या हा उपाय, असे कोणासही वाटेल. पण शास्त्राने हा तर्क कसोटीस लावला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या अभ्यासात ई जीवनसत्त्वाने झटके कमी झाले नाहीत. त्याच अभ्यासातील रॅमिप्रिल या औषधाने मात्र झाले. २००२ साली ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या अभ्यासातही तेच आढळले. ई, सी आणि बीटा कॅरोटिन पाच वर्षे देऊनही लाभ झाला नाही. सिमव्हास्टॅटिनने मात्र झटके व तत्सम घटना सुमारे एकचतुर्थांशाने घटल्या. धूर निघत असताना खिडक्या उघडण्यापेक्षा जाळ विझविणे महत्त्वाचे, हाच याचा बोध. म्हणूनच रक्तदाबाची वा कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करून 'अँटिऑक्सिडंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते.

हा विषय आपल्याकडे अधिक निकडीचा आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला. इतरत्र तो सुमारे ५९ व्या वर्षी आला. म्हणजे संसाराची जबाबदारी ऐन खांद्यावर असताना! दिलासा हा की, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासात झटक्याच्या धोक्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अवघ्या नऊ कारणांशी निगडित आढळला आणि त्यांतील बहुतेक बदलता येण्याजोगी आहेत. केवळ शाकाहार हे अभयपत्र नव्हे. तळण, वनस्पती तूप, मीठ आणि साखर यांचा अतिरेक शाकाहारी ताटातही होऊ शकतो.

तंबाखूचा सर्व रूपांत त्याग, ताजी फळे व भाज्या, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी व डॉक्टरांच्या सल्ल्याने अखंड औषध, ही अस्तराच्या रक्षणाची साधने होत. रोजच्या चालण्याने वेगावलेले रक्तच अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनविण्यास उद्युक्त करते. छातीत दाब, घाम वा दम जाणवल्यास 'वायू धरला असेल' म्हणून घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे. अस्तराचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि दुखतही नाही. म्हणूनच त्याची काळजी दुखण्यापूर्वी घ्यावयाची असते.