शिष्यवृत्तीची निवड समिती काय पाहते?

(विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घराघरांतून आज पदवीधर निर्माण होत आहेत. त्यांपैकी अनेकांस पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्तीवाचून अन्य मार्ग नाही. असे असूनही कित्येक लायक मुले अर्जच करीत नाहीत, आणि जी करतात त्यांपैकी बरीच अर्ज नीट न मांडल्यामुळे मागे पडतात. त्यांच्या बुद्धीत उणीव नसते. निवड करणारा मनुष्य कागदावर काय शोधतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्या घरांत तीन पिढ्या पदवीधर आहेत तेथे ही माहिती जेवताखाताना कानावर पडते. आपल्याकडे ती सभेत सांगावी लागते. म्हणून आज एवढाच विषय मी आपणांपुढे मांडतो.

प्रथम परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९१३ साली त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड होती. चरित्रकार सांगतात की, कोणता विषय शिकणार आणि त्या शिक्षणाचे पुढे काय करणार, हे महाराजांनी त्यांना विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवहार शिकणार, व आपल्या समाजाची अवस्था सुधारण्याचा मार्ग त्यातून शोधणार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. नेमलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि नंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, असा तो करार होता. काय शिकणार आणि कशासाठी शिकणार, या दोन प्रश्नांपलीकडे आजच्या समित्याही फारशा गेलेल्या नाहीत.

शिष्यवृत्त्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात नियम बोलतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती किंवा महाराष्ट्र शासनाने २००३ साली सुरू केलेली राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या त्या प्रकारच्या होत. तेथे गुण, वय, कुटुंबाचे उत्पन्न, विद्यापीठाची जागतिक क्रमवारी आणि कागदपत्रे यांवर निर्णय होतो. गेल्या काही वर्षांच्या केंद्राच्या जाहिरातींत किमान ६० टक्के गुण, पस्तीस वर्षांखालील वय आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न, अशा अटी होत्या. अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

येथे नवदीक्षित कुटुंबांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांस नाकारण्यात आल्या होत्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या कक्षेतील सवलती दिल्या. परंतु १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. तेव्हापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेला मनुष्य केवळ धर्मांतरामुळे तो हक्क गमावीत नाही. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिण्यास भिऊ नका, आणि हक्क जाईल या भीतीने दुसरे काही लिहूही नका. मात्र जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी वेळेवर करून घ्या. शाळेचा दाखला, गुणपत्रिका व प्रमाणपत्र यांवर नाव एकच असले पाहिजे. आडनाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवा. हे काम दहावीच्या वर्षी करावयाचे असते. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

दुसऱ्या प्रकारात माणसे बोलतात. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, ब्रिटिश सरकारची चीवनिंग शिष्यवृत्ती, १८९२ साली स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती या त्यांपैकी होत. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत शैक्षणिक गुणवत्ता, अभ्यासाची योजना आणि आपल्या देशाच्या विकासावर होणारा परिणाम, ही तपासली जातात. चीवनिंग घेणाऱ्याने शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. म्हणजे बडोद्याच्या कराराचेच हे भावंड! देणारा विचारतो की, हे धन तुझ्यापाशीच थांबेल की तुझ्यामार्फत पुढे जाईल?

मी वकील आहे, म्हणून कोर्टाच्या भाषेत सांगतो. अर्ज म्हणजे दावा होय. दाव्यात नुसते कथन करून भागत नाही, ते शाबीत करावे लागते. ‘मी कष्टाळू आहे, मला समाजसेवेची आवड आहे’ हे झाले कथन. शेकडो अर्जदार अक्षरशः हेच वाक्य लिहितात आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. परंतु ‘आमच्या विहारात दोन वर्षे मी संध्याकाळी नववी-दहावीच्या अकरा मुलांस गणित शिकविले, त्यांपैकी नऊ उत्तीर्ण झाली’ असे लिहिले की वाचणारा थांबतो. हा पुरावा झाला. शिफारसपत्र म्हणजे साक्षीदार. तुम्हांस नावानेही न ओळखणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा, ज्या प्राध्यापकांनी तुमचे काम पाहिले आहे त्यांचे पत्र अधिक वजनदार ठरते. मुलाखत ही उलटतपासणी होय. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणून सांगणाऱ्यावर समितीचा विश्वास बसतो. एक अतिशयोक्ती उघडी पडली की उरलेला सारा अर्ज संशयित होतो. पंचशीलातील चौथे शील येथेही आपले रक्षण करते.

आता गरिबीविषयी. आपली मुले येथे दोन टोकांस जातात. काही जण वस्ती, वडिलांची मजुरी, आईची धुणीभांडी हे सारे लाजेने लपवितात. काही जण त्याखेरीज दुसरे काही लिहीतच नाहीत. दोन्ही चूक आहे. समिती दया वाटण्यास बसलेली नसते. पण जाणती समिती उमेदवार किती उंच उभा आहे एवढेच पाहत नाही, तो कोठून चढून आला हेही पाहते. पहाटे भाजीबाजारात हमाली करून मिळविलेले अडुसष्ट टक्के आणि स्वतंत्र खोलीत शिकवण्या लावून मिळविलेले अडुसष्ट टक्के, या दोहोंतील अंतर तिला कळते. मात्र ते तिला कोणी सांगितले तर! म्हणून परिस्थिती दोन वाक्यांत, तक्रार न करता, वस्तुस्थिती म्हणून लिहा. नंतर त्या परिस्थितीत तुम्ही काय केले ते लिहा. याचना करू नका. गुणवत्ता ही काही कुळांची मिरास आहे, असे म्हणणाऱ्यांस असा अर्ज हेच उत्तर आहे.

पालकांनो, मुलीचा अर्जही मुलाइतक्याच तातडीने भरा. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत तीस टक्के जागा मुलींसाठी राखलेल्या आहेत. अर्ज मुलांना स्वतः लिहू द्या. वहीत आजपासून नोंद ठेवण्यास सांगा: कोणते पुस्तक वाचले, कोणास शिकविले, कोणते काम अंगावर घेतले व त्याचे काय झाले. दोन वर्षांनी अर्ज लिहिताना हीच वही साक्षीला उभी राहील. आणि ज्याची निवड होईल, त्याने आपल्या अर्जाची प्रत विहारात आणून ठेवावी, म्हणजे मागून येणाऱ्यास ती वाचता येईल.

जय भीम.