शाकंभरीच्या साठ भाज्या
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



संयोजकांनी मला परप्रांतातील मराठी जीवनावर बोलण्यास सुचविले होते. तो विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी आमच्या थंडीतल्या भाजीविषयी बोलेन. बोलता बोलता तोही विषय निघाला तर निघेल.

या शाळेतून बाहेर पडले, पुढे लग्न झाले, नागपूर सुटले आणि मी भिलाईच्या नेहरू नगरात राहावयास गेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भारताच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे येऊन वसली. त्यामुळे आमच्या गल्लीतला हिवाळाही एकाच प्रांताचा नसतो. पंजाबी शेजारणीकडे मोहरीचा पाला शिजत असतो, बंगाली घरी खजुरीचा गूळ आलेला असतो, छत्तीसगढी कुटुंब मातीच्या गोरसीत निखारे घालून हात शेकत बसते. आमच्याकडे नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या हाती संत्री असतात. उन्हाला पाठ देऊन संत्रे सोलताना सालीचा बारीक फवारा डोळ्यांत गेला, की थंडी पडली असे मी समजते.

परंतु आमच्या घरचा खरा हिवाळा पौष पौर्णिमेचा. त्या दिवशी शाकंभरी देवीला साठ भाज्यांचा नैवेद्य दाखविण्याची सासूबाईंच्या माहेरची रीत. कोथिंबीर, कढीलिंब, कांद्याची पात, ओल्या तुरीचे सोले, सारे मोजायचे. नागपुरात साठ भरत असत. भिलाईतील पहिल्या वर्षी त्रेचाळीसच भरल्या. सासूबाईंनी त्या वहीत लिहून ठेवल्या आणि खाली सतरा ओळी मोकळ्या सोडल्या.

दारावर येणारी भाजीवाली त्यांना ‘दाई’ म्हणे. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, हे कळेपर्यंत सासूबाई तिच्यावर रुष्ट होत्या. आपल्याला सुईण समजते की काय, असे त्यांना वाटे! मी तिच्याकडून एकेक नाव उचलू लागले. कुसुम भाजी म्हणजे आपली करडई, बथुआ म्हणजे चाकवत. मुनगा मात्र वैदर्भीयांना निराळा शिकावा लागत नाही. तिवरा भाजी म्हणजे लाखोरीचा कोवळा पाला, हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला. सासूबाईंना झाला नाही. ‘‘ही आपली नव्हे. देवीपुढे चालायची नाही,’’ त्या म्हणाल्या. वहीतील ओळी मोकळ्याच राहिल्या. मी वाद घातला नाही. तेव्हा घालावयास हवा होता, असे आता वाटते.

पुढे एका हिवाळ्यात भाजीवाली आठ-दहा दिवस फिरकलीच नाही. सासूबाई रोज सकाळी शाल गुंडाळून ओसरीवर बसत. कोणाची वाट पाहता, असे विचारले तर ‘उन्हाची’ म्हणत. पौर्णिमेला ती आली. नातू आजारी होता, म्हणाली. टोपलीत न सांगता आणलेली तिवऱ्याची जुडी होती आणि तिचे पैसे ती घेईना. त्या दिवशी छत्तीसगढात छेरछेरा असतो. नवे धान घरात आलेले असते, मुले दारोदार धान्य मागत हिंडतात आणि कोणालाही विन्मुख पाठवायचे नसते. देण्याच्या दिवशी दाईकडून पैसे कसे घ्यायचे, हा तिचा प्रश्न.

सासूबाई काही न बोलता आत गेल्या आणि सूपभर तांदूळ आणून तिच्या पदरात घातले. मग मला म्हणाल्या, ‘‘ती जुडी निवडायला घे. नैवेद्याला उशीर होतो आहे.’’

ती वही आता माझ्याकडे आहे. चव्वेचाळिसाव्या ओळीवर त्यांच्या थरथरत्या अक्षरात ‘तिवरा’ असे लिहिले आहे, ‘लाखोरी’ नव्हे. त्यानंतरची अक्षरे माझी. शाळेने साठी गाठली, आमच्या भाज्यांनी अजून गाठलेली नाही. यंदा छप्पन्न भरल्या. छप्पन्नावी शोधावयास मी सुपेल्याच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या आणि घरी परतले, तो फाटकाशी पिशव्या घेतलेली छेरछेऱ्याची मुले उभी होती.