‘होत आले’ आणि ‘झाले’



संगणकावरील स्प्रेडशीटची कल्पना वर्गातील फळ्यासमोर सुचली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. हार्वर्ड विद्यापीठात डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी व्यवस्थापनाचे शिक्षण घेत होता. फळ्यावरील कोष्टकातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने का करू नये, असे त्याला वाटले. बॉब फ्रँक्स्टन यांच्या साहाय्याने त्याने घडवलेले ‘व्हिसिकॅल्क’ १९७९ मध्ये बाजारात आले. आजचे एक्सेल त्याच कुळातले.

जे आकड्यांचे, तेच तारखांचे. एखाद्या स्मरणिकेचे उदाहरण घ्यावे. लेख मागवणे, संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी या प्रत्येक कामाला एक ओळ. रकाने सहा: काम, ते करणारी व्यक्ती, आरंभ, मुदत, त्याआधी पुरे व्हावे लागणारे काम आणि सद्यःस्थिती. मुद्रितशोधनाचा आरंभ अक्षरजुळणीच्या समाप्तीशी सूत्राने जोडला आणि पुढची कामेही तशीच एकमेकांत गुंफली, की अक्षरजुळणी चार दिवस लांबताच पुढच्या सर्व तारखा आपोआप सरकतात. प्रकाशनाच्या दिवशी प्रती हाती असतील की नाही, हे कितीतरी आधी कळते. सभागृहाच्या सजावटीला दोन दिवस उशीर झाला तर निभावते. छपाईला झाला तर निभावत नाही. हा भेद कोष्टक डोळ्यांसमोर आणते.

मात्र कोष्टकाला दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले नावाचे. त्या रकान्यात ‘समिती’ असे लिहिले, की काम कोणाचेच राहत नाही. तेथे एकाच व्यक्तीचे नाव हवे. दुसरे पथ्य स्थितीचे. मराठीत ‘होत आले’ हा मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. तो बोलणाऱ्याला वेळ मिळवून देतो आणि ऐकणाऱ्याला अंधारात ठेवतो. कोष्टकात ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच असावे.

‘होत आले’ची किंमत बंगळुरूकरांनी अनुभवली आहे. २६ मार्च २०२३ रोजी नम्म मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेचा कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड हा १३.७१ किलोमीटरचा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. पण बैयप्पनहळ्ळी ते कृष्णराजपुरम हा सुमारे दोन किलोमीटरचा दुवा अपुरा होता. परिणामी प्रवासी एका गाडीतून उतरून बस पकडत आणि पुन्हा मेट्रोत चढत. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी दुवा जुळला, तेव्हा ही यातायात संपली. पुढे १९.१५ किलोमीटरच्या पिवळ्या मार्गिकेवर रूळ आणि स्थानके उभी राहिली, तरी गाड्या वेळेवर न आल्याने ती २०२५ च्या ऑगस्टपर्यंत रखडली. कोष्टकाच्या बहुतेक ओळी पूर्ण असूनही एका अपुऱ्या ओळीने सारे अडते, ते असे.

साधनावर आंधळा विश्वासही घातक. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या चाचण्यांची माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलींत भरली जात होती. त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. त्यामुळे १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत पुढे गेली नाही आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. कोष्टक भरले, पण ते मोजून पाहणारे कोणी नव्हते.

मराठी माध्यमातील मुलाला असे वाटते की, ही विद्या इंग्रजीचीच. वस्तुतः रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द मराठीत केव्हाचे रुळले आहेत. कोष्टकाची शिस्त या भाषेला परकी नाही. देवनागरी अक्षरेही आज स्प्रेडशीटच्या चौकटीत सुखाने बसतात. नववीच्या विज्ञानप्रकल्पाचे कोष्टक आधी कागदावर, मराठीत आखावे. मग संगणकावर चढवावे. आपल्या नावापुढे ‘झाले नाही’ असे वेळीच आणि निःसंकोच लिहिणारा विद्यार्थी पुढे कोणत्याही शहरात, कोणत्याही भाषेत भरवशाचा ठरेल. आणि असे लिहिणाऱ्याला न रागावता मदतीला जाणे, हे शिक्षकांचे व पालकांचे काम आहे. ती भीती गेली, तरच कोष्टक खरे बोलेल.