पेडणे, डिचोली आणि भूकंप : आराखडा कोणत्या हद्दीचा?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

मंडळी, गणपतीच्या दिवसांत भूकंपाचा विषय काढणे काहींना अभद्र वाटेल. पण आपल्या मराठी मुलखातला सर्वांत जीवघेणा भूकंप याच दिवसांतला आहे. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप ६.२ रिश्टरच्या घरातला, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. माणसे मारली ती घरांनी : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. आणि तो भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता!

पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला, तो पहिला पट्टा रद्दच झाला. त्या नकाशात गोवा तिसऱ्या पट्ट्यात आहे, शेजारचा सिंधुदुर्गही. म्हणजे मध्यम धोका. उद्याच काही होणार आहे असे आम्ही म्हणत नाही. भूकंपाची तारीख सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जो सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहावे. आमचा मुद्दा वेगळा आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत असे काही झालेच, तर संकट ज्या वाटेने येईल त्या वाटेने आपली यंत्रणा आखलेली नाही. संकट नदीच्या वाटेने येईल आणि यंत्रणा जिल्ह्याच्या वाटेने चालते.

ती नदी म्हणजे तिळारी. चंदगडच्या डोंगरात उगम, दोडामार्ग तालुक्यात मोठे धरण, आणि मग गोव्यात प्रवेश. एका काठाला डिचोलीतले साळ, दुसऱ्या काठाला पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल-हसापूर ही गावे. पुढे बार्देशातून कोलवाळला जाऊन ती शापोरा होते आणि समुद्राला मिळते. धरण महाराष्ट्राच्या जमिनीवर आहे, पण प्रकल्प दोन्ही राज्यांचा, आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. पेडण्याच्या नळाला येणारे पाणीही याच नदीचे.

इथे कोयनेची आठवण काढावी लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरण फुटले नाही. पण त्याच्या वरच्या भागात तडे गेले आणि पुढे ते मजबूत करावे लागले. तिळारीबद्दल आम्ही भीती घालत नाही. धरणे भूकंपाचा विचार करूनच बांधतात, आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने भूकंपानंतरची तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. प्रश्न साधा आहे. मोठ्या हादऱ्यानंतर धरणाला काहीही झाले नसले, तरी खबरदारी म्हणून पाणीपातळी कमी करायचे ठरले, तर ते पाणी कुठे येईल? साळला. इब्रामपूरला.

आणि त्या वेळी साळची माणसे कुठे असतील? भूकंप झाला की घराबाहेर मोकळ्या जागेत या, असे आपण शाळेपासून मुलांना शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण नदीकाठच्या गावात सर्वांत मोठी मोकळी जागा कोणती? नदीकडची शेते आणि मैदान. पुराची सूचना सांगते उंचावर जा, भूकंपाची सूचना सांगते उघड्यावर जा, आणि घाबरलेला माणूस जवळचे पाहतो. म्हणून या काठच्या प्रत्येक वाड्यासाठी उंच आणि उघडी, अशी दोन्ही गुणांची एक जागा आधीच ठरलेली हवी. ती माहीत असायला हवी दहावीतल्या मुलाला आणि ऐंशीच्या आजीला. आमच्या मते संपूर्ण आराखड्यातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे, आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही.

ऑगस्ट २०१९ आठवा. तिळारीचे पाणी सोडले आणि साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात घरांत पाणी शिरले. तेव्हा निदान पाऊस दिसत होता, नदी फुगताना दिसत होती. भूकंपानंतर आकाश निरभ्र असेल. कोरड्या दिवशी पूर येईल असे कुणाच्या मनातही येणार नाही.

आता यंत्रणा कशी चालते ते पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख केले. दोडामार्गचा तहसीलदार ओरोसला कळवणार, ओरोस मुंबईला. पेडण्याचा मामलेदार उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवणार. कागदावर हे नीट आहे. पण दोडामार्ग आणि साळ यांच्यात घटकाभराचे अंतर असताना बातमी मुंबई-पणजी फिरून येणार असेल, तर पाणी तिच्या आधी पोचेल. दोडामार्ग, पेडणे आणि डिचोली या तीन तालुक्यांच्या अधिकाऱ्यांना आणि धरणावरच्या अभियंत्याला थेट एकमेकांशी बोलण्याची लेखी परवानगी हवी आणि त्यांच्याकडे बिनतारी संच हवा. मोठ्या हादऱ्यानंतर मोबाईल सर्वांत आधी मान टाकतो, कारण सगळेच एकदम फोन करतात.

हे अशक्य नाही. २०१९ च्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा अलमट्टीवरून केवढा वाद झाला! पण जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री बंगळुरूला जाऊन कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना भेटले आणि धरणांतली पाणीपातळी व विसर्ग यांची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना देण्याचे ठरले. कृष्णाकाठी जे जमते, ते तिळारीकाठी जमायला हरकत नसावी. शिवाय आपली हद्द ती काय! १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. आजही पेडण्यात सासर आणि दोडामार्गात माहेर अशी घरे मोजता येणार नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत पत्रादेवीला अडथळे उभे राहिले, तेव्हा ही रेघ किती जाड होऊ शकते ते या घरांनी पाहिले. भूकंपाच्या दिवशी रुग्णवाहिका, जेसीबी आणि डॉक्टर यांना त्या नाक्यावर कुणी कागद विचारू नये, हेही आधीच लिहून ठेवावे लागेल. गंभीर जखमींना सिंधुदुर्गातूनही बांबोळीलाच आणतात. तिथल्या खाटांचा हिशेब एकट्या गोव्याचा धरून चालणार नाही.

बाहेरची मदत कधी येईल? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची मोठी तुकडी पुण्याची. वाटेत घाट आहेत, आणि घाटात दरडी. चोर्ल्याचा रस्ता तर पावसाळ्यातच रुसतो. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत कोसळून बंद पडला होता, जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून पुन्हा. मोपाचा विमानतळ दारात आहे ही जमेची बाजू, पण विमानातून उतरलेले सामान सड्यावरून वाड्यावर नेणार कोण? पहिले काही तास आपलेच आहेत. १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांतले बहुतेक जण घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते. जपानसारख्या सज्ज देशात ही स्थिती.

त्या तासांसाठी लागणारे सामान डिचोलीत आहे, हे आपण विसरतो. खाण तालुका हा. पोकलेन, लोडर, टिपर आणि ते रात्रीसुद्धा चालवणारे हात इथे आहेत. कुणाकडे कोणते यंत्र, चालक कुठे राहतो, डिझेल कुठून भरायचे, याची यादी पंचायतीत असली तर निम्मे काम झाले. खाणीची दुसरी बाजूही त्याच यादीत हवी : मातीचे ढीग आणि पाण्याने भरलेले खंदक यांच्या पायथ्याशी कोणती घरे आहेत?

आता चतुर्थीकडे येऊ. सरकारी आराखडा जनगणनेवर चालतो. पण चवथीला म्हापसा-पणजीतले फ्लॅट ओस पडतात आणि पेडण्याच्या मूळ घरात चाळीस माणसे पंगतीला बसतात. ज्या घरी एरवी दोन म्हातारी माणसे, तिथे चार पिढ्या. घर जुने, चिरे बऱ्याच ठिकाणी मातीत बसवलेले, वर मंगळुरी कौले, आणि गणपतीवर नारळ-सुपाऱ्यांनी जड झालेली माटोळी. आम्ही माटोळी बांधू नका म्हणणार नाही. तेवढे धाडस आमच्यात नाही. तिची दोरी आणि वरचा वासा तपासा, आणि रात्री तिच्याखाली मुलांना झोपवू नका. त्रिकोणी भिंतीला आधार आहे का ते गवंड्याला दाखवा. आणि परसातली विहीर बुजवू नका. तिळारीचा कालवा फुटला की नळ कोरडे पडतात हे पेडणे-बार्देशकरांना वेगळे सांगायला नको.

जपानात १ सप्टेंबरला, १९२३ च्या भूकंपाच्या स्मृतिदिनी, देशभर सराव होतो. आम्ही ११ डिसेंबर सुचवतो, कोयनेचा दिवस. तेव्हा भात कापून झालेले असते, माणसे मोकळी असतात. सरावासाठी भजनी मंडळांचे ध्वनिक्षेपक, मंडळांचे कार्यकर्ते आणि शाळांची मैदाने लागतील. पहिल्या वर्षी फक्त साळ आणि इब्रामपूर घ्यावे. दोडामार्गहून निरोप निघाल्यापासून शेवटच्या वाड्यावरची शेवटची आजी उंचावर पोचेपर्यंत किती मिनिटे लागली, ती घड्याळ लावून मोजावीत. या विषयाचे निवेदन तिन्ही तालुका कार्यालयांना द्यायचे आहे. मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. ज्यांचे कुळाचे घर या नदीकाठी आहे त्यांनी आपल्या वाड्याजवळची उंच-उघडी जागा त्यात लिहून मगच सही करावी.