हात पुन्हा कामाला लावणारी ताई

सिंदी मेघेहून मी तुमची बचत गट समन्वयक बोलते आहे.

मागच्या बैठकीत मी 'व्यवसायोपचार' हा शब्द काढला, तर एकीने लगेच विचारलं, "ताई, यात कर्ज किती मिळतं?" सगळ्या हसल्या. पण तिचं काय चुकलं? व्यवसाय म्हटलं की आपल्याला पापड-मसालाच आठवतो. इथे व्यवसाय म्हणजे माणसाची रोजची कामं. अंघोळ, लुगडं नेसणं, जेवणं, कणीक मळणं. आजारपणात किंवा म्हातारपणात ही कामं सुटली, की ती पुन्हा करायला शिकवते ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

मला हे घरातच कळलं. माझ्या सासूबाईंना लकवा झाला, उजवा हात लुळा पडला. आम्ही त्यांना घास भरवला, वेणी घातली, उठूच दिलं नाही. आम्हाला वाटे, सेवा करतो आहोत. आई मात्र गप्प होत गेल्या. एक दिवस म्हणाल्या, "मी आता नुसती खायलाच उरली."

पुढे दवाखान्यात एक थेरपिस्ट ताई भेटल्या. त्यांनी आधी आईंनाच विचारलं, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आई म्हणाल्या, "वाती." ताईंनी चमच्याची दांडी कापड गुंडाळून जाड करायला सांगितली. ब्लाउजला हुकांऐवजी चिकटपट्टी, न्हाणीत बसायला पक्की खुर्ची, भिंतीला धरायला दांडा. बाही घालताना लुळा हात आधी. मग रोज थोडा कापूस हातात. तीन महिन्यांनी आईंनी पहिली वात वळली. वाकडी झाली, तरी त्या संध्याकाळी देवापुढे तीच लावली.

फिजिओथेरपिस्ट मुख्यतः शरीराची हालचाल आणि ताकद बघतात. या ताई त्या ताकदीतून रोजचं काम कसं होईल ते बघतात. घरात पडण्याच्या जागा शोधणं, सांधे दुखणाऱ्यांना कामाची सोपी पद्धत शिकवणं, विसरभोळेपणाच्या आजारात दिवसाचा क्रम लावून देणं, हेही त्यांचंच काम. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक जण साठीच्या पुढचा होता. म्हणजे हे काम वाढणारच.

ही विद्या आपल्याकडे आणली एका बाईनेच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून इथे आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात याची शाळा सुरू केली. आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात १९५८पासून हे शिक्षण आहे.

आता मुलींसाठी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं आणि नीट परीक्षा द्यावी लागते. पदवीचा कोर्स सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा राहिला आहे. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि इकडे नागपूर, या सरकारी आणि महापालिकेच्या जागा आधी बघा. खासगीत फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता तपासा. पदवीनंतर राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. वृद्धांसाठीच काम करायचं, तर मेंदूचे किंवा हाडांचे आजार घेऊन पुढचं शिक्षण घेता येतं. रुग्णालयं, वृद्धाश्रम, पुनर्वसन केंद्रं, घरोघरी जाऊन उपचार, अशी कामाची ठिकाणं आहेत.

खरं सांगायचं तर आज हे काम शहरात जास्त आहे, खेड्यात जागा थोड्या. सुरुवातीचा पगार फार नसतो. लकव्याच्या माणसात फरक महिनोन्महिने दिसत नाही, त्यामुळे धीर लागतो. पण म्हातारीचं बोलणं शांतपणे ऐकून घेणं, आहे त्या सामानात मार्ग काढणं, हे आपल्या मुली घरातूनच शिकून आलेल्या असतात.

आपल्याकडे हुशार मुलगी म्हणजे डॉक्टर, नाहीतर नर्स. डॉक्टरकीचा नंबर हुकला, की तिचं लग्न ठरतं. या वर्षी तसं करण्याआधी नीटच्या निकालाचा कागद घेऊन गटाच्या बैठकीत या. अर्ज आपण मिळून भरू.

आणि घरी कोणी म्हातारं माणूस खाटेवर बसून असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"